खोटी बिले आणि खरी साक्ष

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

"मी आमच्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) तरुणांचा गट चालवतो. साक्ष द्यायची, म्हणजे प्रभूने आपल्या आयुष्यात काय केले ते लोकांपुढे सांगायची, वेळ आली की मलाच पुढे करतात. पण गेली चार वर्षे मी कामावर प्रवासभत्त्याची वाढीव बिले लावत आलो आहे. बसने गेलो तिथे टॅक्सी लिहिली, न केलेल्या फेऱ्याही दाखवल्या. एका सहकाऱ्याला हे ठाऊक आहे. मी त्याला प्रभूविषयी सांगू लागलो तेव्हा तो म्हणाला, 'आधी बिलं खरी लिही, मग बायबल सांग.' त्या दिवसापासून माझे तोंड उघडत नाही. देवाजवळ कितीदा तरी क्षमा मागितली, पण मन शांत होत नाही. देवाला सांगितले तेवढे पुरेसे नाही का? पैसे परत करायचे तर कसे? पुढच्या महिन्यात सभेत माझी साक्ष ठरली आहे, ती द्यावी का? कधीकधी तर वाटते, माझा विश्वासच खरा नसेल."

प्रिय बंधू,

तुमच्या सहकाऱ्याचे बोलणे झोंबणारे आहे, पण चुकीचे नाही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने तुम्हाला याहून वेगळे काही सांगितले नसते. बायबलमधल्या लूक ३ मध्ये लोक त्याला विचारतात, "मग आम्ही काय करावे?" ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने ज्याला नाही त्याला एक द्यावा, असे तो सर्वांना सांगतो. जकातदारांना सांगतो, ठरवून दिले आहे त्याहून जास्त घेऊ नका. शिपायांना सांगतो, कोणाकडून पैसे उकळू नका, खोटे आरोप करू नका आणि आपल्या पगारात समाधानी राहा. उपवास करा, जास्त प्रार्थना करा असे या उत्तरांत कुठेच नाही. पश्चात्तापाला शोभणारे फळ त्याने ज्याच्या त्याच्या कामधंद्यात मागितले. तुमच्याकडून ते प्रवासभत्त्याच्या फॉर्मवर मागितले जात आहे.

पण तुमच्या पत्रात एक गैरसमज आहे, तो आधी दूर करू. तुम्हाला वाटते की साक्ष देणारा माणूस निष्कलंक असावा लागतो, आणि तुम्ही तसे नाही म्हणून तुमचा अधिकार गेला. लूक २४:४६-४८ वाचा. पुनरुत्थानानंतर प्रभू शिष्यांना सांगतो की ख्रिस्ताने दुःख सोसावे, तिसऱ्या दिवशी उठावे आणि त्याच्या नावाने पश्चात्ताप व पापांची क्षमा सर्व राष्ट्रांत घोषित व्हावी असे लिहिले आहे, "तुम्ही या गोष्टींचे साक्षी आहा." म्हणजे साक्षीचा विषय ख्रिस्त आणि त्याने दिलेली क्षमा हा आहे. साक्षीदाराचा चांगुलपणा हा विषयच नाही. ज्याला क्षमेची गरज पडली आणि ती मिळाली, तोच तिच्याविषयी बोलू शकतो. तुमचा अधिकार पाप केल्याने गेलेला नाही. पाप झाकून ठेवल्यामुळे तो अडला आहे, कारण ज्या गोष्टीची साक्ष द्यायची ती तुम्ही स्वतःच्या बाबतीत घडूच दिलेली नाही.

दावीद राजाने हा क्रम स्तोत्र ५१ मध्ये स्पष्ट मांडला आहे. आधी पापाची कबुली, मग शुद्ध हृदयाची मागणी, मग तारणाचा हर्ष परत दे ही विनवणी, आणि त्यानंतर तेराव्या वचनात तो म्हणतो की मी अपराध्यांना तुझे मार्ग शिकवीन. शिकवण्याची गोष्ट शेवटी येते, पण येते. प्रभूने आपला शिष्य पेत्र यालाही हेच सांगितले, तेही पेत्राने 'मी त्याला ओळखत नाही' म्हणून नाकारण्यापूर्वी: तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे, आणि तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर (लूक २२:३२). विश्वास, वळणे आणि इतरांना आधार देणे, तिन्ही एका वाक्यात. पुढे पेत्राने काय केले ते पाहा. प्रेषितांची कृत्ये ३:१४ मध्ये तो मंदिराच्या आवारात लोकांना सांगतो की जो पवित्र व नीतिमान त्याला तुम्ही नाकारले. आणि एकोणिसाव्या वचनात, पश्चात्ताप करा व वळा. ज्याने स्वतः तीनदा नाकारले तो हे बोलतो आहे! त्याचे नाकारणे कोणी दडवलेही नाही, चारही शुभवर्तमानांत ते लिहिलेले आहे.

आता तुमच्या दुःखाकडे. प्रेषित पौल २ करिंथ ७:१० मध्ये दोन प्रकारची दुःखे सांगतो: देवाला अनुसरून होणारे दुःख पश्चात्ताप घडवते, जगाचे दुःख मरणाकडे नेते. तुमचे कोणते, हे ओळखायला स्वतःला एकच प्रश्न विचारा. उद्या त्या सहकाऱ्याची बदली झाली, आणि हे कधीच कोणाला कळणार नाही याची खात्री पटली, तर तुम्ही काय कराल? सुटलो असे वाटून विषय मिटत असेल, तर आतापर्यंतचे दुःख पकडले जाण्याच्या भीतीचे होते. शौल राजाचे तसेच होते. १ शमुवेल १५ मध्ये तो "मी पाप केले आहे" असे म्हणतो, आणि त्याच दमात शमुवेल संदेष्ट्याला विनवतो की लोकांच्या वडीलजनांसमोर माझा मान राख. मिसरच्या फारो राजानेही गारा पडत असताना "मी पाप केले" असे म्हटले आणि गारा थांबताच मन कठीण केले (निर्गम ९). प्रश्नाचे खरे उत्तर लाजिरवाणे निघाले तरी घाबरू नका. ते उत्तर जसेच्या तसे देवापुढे ठेवा. भीतीने सुरू झालेले दुःखही तो खऱ्या पश्चात्तापापर्यंत नेतो, कारण पश्चात्ताप हीदेखील त्याचीच देणगी आहे (प्रेषितांची कृत्ये ११:१८).

तुम्ही कितीदा तरी क्षमा मागितली आणि तरी शांती नाही, याचे एक कारण बहुधा तुमच्या प्रार्थनेच्या शब्दांत सापडेल. "प्रभू, माझ्या चुकांची क्षमा कर" या वाक्यात पापाचे नावच नाही. पुढच्या वेळी असे म्हणून पाहा: "मी चार वर्षे माझ्या मालकाचे पैसे चोरले. चोरी लपवण्यासाठी दर महिन्याला खोटे लिहिले आणि खाली सही केली. आणि हे चालू असताना तुझ्या नावाने लोकांपुढे उभा राहिलो." तीन पापे, तीन वाक्ये. सगळेच करतात, पगार कमी होता, साहेबांनाही माहीत होते, हे यात येऊ देऊ नका. ते खरे असले तरी ते तुमच्या कबुलीचा भाग नाही. नीतिसूत्रे २८:१३ मध्ये दया कोणाला मिळते? जो आपले अपराध कबूल करतो आणि सोडून देतो त्याला. म्हणून शांतीचा विचार करण्याआधी हे बघा की चालू महिन्याचे बिल पूर्णपणे खरे आहे का. ते अजून वाढीवच जात असेल, तर कितीही अश्रू ढाळले तरी त्याला पश्चात्ताप म्हणता येणार नाही.

"देवाला सांगितले तेवढे पुरेसे नाही का?" नाही. याचे उत्तर मोशेच्या नियमशास्त्रात इतके नेमके आहे की वेळ काढून वाचावे. लेवीय ६:१-७ मध्ये शेजाऱ्याला फसवून काही घेणाऱ्याबद्दल सांगितले आहे: ठेव नाकारणे, लुबाडणे, सापडलेली वस्तू दडवणे, खोटी शपथ वाहणे. त्याने मूळ वस्तू पुरी परत करावी, तिच्यात पाचवा हिस्सा भर घालावी आणि ज्या दिवशी तो दोषार्पण आणील त्याच दिवशी ती मालकाला द्यावी. नंतर निर्दोष मेंढा याजकाकडे आणावा, याजक त्याच्यासाठी प्रायश्चित्त करील आणि त्याला क्षमा होईल. यात दोन गोष्टी एकमेकींची जागा घेत नाहीत, याकडे लक्ष द्या. पैसे परत केले म्हणून मेंढा टळत नाही. भरपाईने देवापुढचे पाप धुतले जात नाही, त्यासाठी रक्त लागते. आणि मेंढा आणला म्हणून पैसे टळत नाहीत. देवाशी समेट झाला या नावाखाली शेजाऱ्याचे देणे बुडवता येत नाही.

ख्रिस्ताने वधस्तंभावर एकदाच केलेल्या अर्पणाने त्या मेंढ्याची जागा घेतली, हे इब्री ९ आणि १० चे सांगणे आहे. पण मालकाला परत करायच्या रकमेची जागा कशानेही घेतलेली नाही. तुमची गल्लत इथेच होते आहे. ख्रिस्ताने तुमचे देवाकडचे देणे फेडले. मालकाकडचे देणे अजून तुमच्याच नावावर आहे.

किती परत करायचे? मूळ रक्कम तर पुरी हवीच. पाचवा हिस्सा म्हणजे शंभरावर वीस. हा दर नव्या करारात कायदा म्हणून लादलेला नाही, पण आमच्या मते तो पाळावा. मालकाला चार वर्षे आपल्याच पैशाचा उपयोग झाला नाही, त्याची ती भर आहे. जक्कय नावाच्या श्रीमंत जकातदाराने चौपट देऊ केले (लूक १९:८). चोरलेले मेंढरू विकले किंवा मारले तर एकाची चार द्यावीत असा निर्गम २२ चा नियम होता आणि त्याने तो स्वतःला लावला. तसे कोणी मनापासून केले तर चांगलेच, पण भरभरून देण्याच्या ओघात झेपणार नाही असे वचन देऊन बसू नका. मोडलेले वचन हे दुसरे खोटे होईल.

हिशेब असा करा. एका वहीत चार रकाने आखा: तारीख, बिलात दाखवलेली रक्कम, खरा खर्च, फरक. जुनी बिले, बँकेची नोंद, मोबाइलमधले मेसेज, डायरी, जे मिळेल ते समोर घ्या. न केलेल्या फेऱ्यांची पूर्ण रक्कम फरकात धरा. जिथे आठवत नाही तिथे त्या वर्षाची सरासरी काढा आणि वरच्या बाजूला धरा, खालच्या नाही. बेरीज पाहून छातीत धस्स होईल. बरेच जण इथेच थांबतात, किंवा "अंदाजे" म्हणून सोयीची छोटी रक्कम ठरवतात. तसे करू नका. एकरकमी देणे शक्य नसेल तर हप्त्यांचा लेखी प्रस्ताव द्या, त्यात तारखा घाला, आणि पहिला हप्ता त्याच दिवशी द्या.

हे पैसे दानपेटीत टाकण्याचा मोह होईल. टाकू नका. दुसऱ्याचे पैसे देवाला देणे हे दान नव्हे. मालक किंवा त्याचा वारस हयातच नसेल तर गणना ५:८ मध्ये ती भरपाई परमेश्वराकडे, याजकाच्या हाती द्यावी असे आहे. तुमचा मालक आहे, म्हणून ती वाट तुमच्यासाठी नाही. निनावी पाकिटात घालून पाठवणे किंवा पुढचे काही महिने खरी बिले लावायचीच नाहीत आणि आतल्या आत फिटंफाट करायची, हेही नको. त्यात पैसे परत जातात पण खोटी सही तशीच राहते, आणि कदाचित दुसऱ्या कोणावर संशय येतो.

पत्नी असेल तर मालकाच्या आधी तिला सांगा. नोकरी गेली, घरात पैशाची चणचण झाली, तर ते तिलाही सोसावे लागेल. तिला बाहेरून कळणे हा वेगळाच अन्याय होईल. त्यानंतर पाळकांना सांगा. आणि लेखी कबुली देण्यापूर्वी एखाद्या जाणत्या वकिलाचा सल्ला जरूर घ्या. पळवाट शोधायची म्हणून नव्हे. कबुलीचे परिणाम काय होऊ शकतात हे माहीत असूनही ती देणे आणि भावनेच्या भरात देऊन मग शब्द फिरवणे, यात फार अंतर आहे.

पत्र लहान ठेवा. अमुक ते अमुक काळात मी प्रवासभत्त्याची खोटी बिले सादर केली. माझ्या हिशेबाने फरकाची रक्कम इतकी आहे, तक्ता सोबत जोडला आहे. ती इतक्या भरीसह मी परत करत आहे. हे चुकीचे आहे हे मला करतानाही ठाऊक होते. आपण जो निर्णय घ्याल तो मला मान्य आहे. इतके पुरे. कारण लिहायचेच तर एका ओळीत: मी ख्रिस्ताचा अनुयायी आहे आणि हे लपवून ठेवणे मला शक्य नाही. त्यापुढे वचने नकोत, सुवार्ता नको. हे पत्र देणेकऱ्याने लिहिलेले आहे. वाचणाऱ्याला असे वाटता कामा नये की धर्माचे नाव पुढे करून सूट मागितली जात आहे. इतरांची नावेही घालू नका. चौकशीत थेट विचारले तर खोटे बोलू नका, पण आपल्या कबुलीत दुसऱ्याचे पाप ओढून आणणे म्हणजे आपले ओझे वाटून टाकणे होय.

"मला क्षमा करा" असे म्हणा, पण उत्तर तिथल्या तिथे मागू नका. क्षमा करायची की नाही आणि केव्हा, हे ज्याचे नुकसान झाले त्याने ठरवायचे. आणि शिक्षा झाली तर देवाने क्षमा केली नाही असा अर्थ काढू नका. नाथान संदेष्ट्याने दावीदाला एकाच भेटीत दोन्ही सांगितले: परमेश्वराने तुझे पाप दूर केले आहे, आणि तरी परिणाम भोगावे लागतील (२ शमुवेल १२:१३-१४).

आता तुमचा सर्वांत खोल प्रश्न: विश्वास खरा आहे का?

इथे प्रभूला धरून देणारा शिष्य यहूदा इस्कार्योत याच्याकडे पाहावे लागते. मत्तय २७:३-५ नुसार त्याला पस्तावा झाला. त्याने स्पष्ट शब्दांत कबूल केले की निर्दोष माणसाला धरून देऊन मी पाप केले. आणि चांदीची तीसच्या तीस नाणी परत केली. दुःख, कबुली, भरपाई, आम्ही वर लिहिलेले सगळे त्याने केले. तरीही तो गेला आणि त्याने गळफास घेतला. त्याच्या आदल्या रात्री पेत्रही ढसढसा रडला होता. पण ते रडणे त्याला ख्रिस्तापासून दूर घेऊन गेले नाही. योहान २१ मध्ये किनाऱ्यावर प्रभू आहे हे कळताच तो पाण्यात उडी टाकून त्याच्याकडे जातो. यहूदा मुख्य याजकांकडे गेला, त्यांनी "आम्हांला त्याचे काय?" म्हणून हात झटकले, आणि तो पुढे कोणाकडेच गेला नाही. पश्चात्ताप पापाकडे पाठ फिरवतो, पण तोंड कोणाकडे वळवायचे हे विश्वास ठरवतो. मार्क १:१५ मध्ये प्रभूची पहिली हाक म्हणूनच जोडीने आहे: "पश्चात्ताप करा व सुवार्तेवर विश्वास ठेवा." पौलाने मिलेत येथे इफिसच्या वडिलांना आपल्या साक्षीचा सारांश सांगितला तोही असाच: देवासमोर पश्चात्ताप आणि आपल्या प्रभू येशूवर विश्वास (प्रेषितांची कृत्ये २०:२१). इब्री ६:१ मध्ये ही दोन्ही पायाच्या यादीत पहिली आहेत.

जुन्या शिक्षकांनी विश्वासाचे तीन पदर सांगितले आहेत, ते स्वतःला तपासायला उपयोगी पडतात. एक, माहिती: ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला व उठला हे ठाऊक असणे. दोन, संमती: ते खरे आहे असे मानणे. तीन, भरवसा: त्याच्यावर स्वतःला सोपवणे. पहिले दोन भुतांकडेही आहेत. ती विश्वास धरतात आणि थरथर कापतात (याकोब २:१९). तुमची अडचण तिसऱ्यात आहे. नोकरी गेली तरी देव सांभाळील, मान गेला तरी ख्रिस्तातले माझे स्थान जाणार नाही, यावर तुम्ही आजवर पाऊल टाकलेले नाही. म्हणून मालकाला पत्र देणे हे पश्चात्तापाचे जेवढे कृत्य आहे तेवढेच विश्वासाचेही आहे. ते करताना हात कापतील. विश्वास बलवान वाटेपर्यंत थांबायचे नसते. मार्क ९:२४ मधल्या, आजारी मुलाला घेऊन आलेल्या बापाने एकाच श्वासात म्हटले की मी विश्वास धरतो, माझा अविश्वास घालवा. त्याच्या मुलाला प्रभूने बरे केले. विश्वास किती मोठा हे मोजत बसण्यापेक्षा तो कोणावर आहे ते पाहा.

याच्या उलट बाजूलाही एक खड्डा आहे. काही जण विश्वास ठेवण्याऐवजी स्वतःला शिक्षा करू लागतात: प्रभुभोजन घेत नाहीत, हसत नाहीत, उपवासावर उपवास करतात, पुरेसे दुःख झाले की क्षमा मिळेल अशा हिशेबाने. हे नम्रतेसारखे दिसते, पण आतून ते स्वतःच मेंढा बनण्याची धडपड आहे. जक्कयाचा क्रम आठवा. प्रभूने आधी त्याला नावाने हाक मारली, आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे असे म्हटले. अर्धी मालमत्ता आणि चौपट भरपाईची गोष्ट त्यानंतरची. देवाचा चांगुलपणा माणसाला पश्चात्तापाकडे नेतो, असे रोम २:४ सांगते. तुम्ही भरपाई करा ती क्षमा विकत घेण्यासाठी नव्हे, तर ती फुकट मिळाली म्हणून.

पुढच्या महिन्याच्या साक्षीचे काय? ज्यांनी ती ठरवली त्यांना आजच सांगा की या वेळी दुसऱ्याला बोलवा. कारण विचारले तर "मला आधी एक हिशेब मिटवायचा आहे" एवढे सांगा. आजाराचे निमित्त नको. मत्तय ५:२३-२४ मध्ये प्रभू म्हणतो की अर्पण वेदीपुढे ठेवून आधी जा, भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण कर. हा थांबा आहे, बंदी नव्हे. गटाचे काम किती काळ सोडायचे हे पाळकांना ठरवू द्या, स्वतःच्या मनाने कमीही करू नका आणि वाढवूही नका.

जेव्हा पुन्हा बोलाल तेव्हा पाच-सहा मिनिटे पुरेत. रचना पौलाने अग्रिप्पा राजापुढे केलेल्या भाषणात तयार आहे (प्रेषितांची कृत्ये २६): मी काय करत होतो, प्रभूने मला कसे गाठले, त्यानंतर काय बदलले. पापाचा भाग एका मिनिटात आटपा: नाव घेऊन, पण रंगवून नाही. ऐकणाऱ्यांना तुमच्या युक्त्या कळण्याची गरज नाही. वेळ द्यायचा तो ख्रिस्ताला. तुम्ही त्याच्याविषयी नेमके काय मानले आणि कोणत्या वचनावर उभे राहून ते पत्र दिले, हे सांगा. जे अजून मिटलेले नाही तेही सांगा. हप्ते चालू असतील तर चालू आहेत म्हणा. मालकाचे नाव, सहकाऱ्याचे नाव, रक्कम, यांतले काहीच नको. चौकशी सुरू असेल तर ती संपेपर्यंत हा विषय जाहीरपणे काढूच नका. आणि एक शब्दही वाढवू नका. लगेच शांती मिळाली नसेल तर मिळाली म्हणू नका. "खोटी साक्ष देऊ नको" ही आज्ञा सभेतल्या व्यासपीठावरही लागू आहे, आणि देवाचे खोटे साक्षी ठरण्याची धास्ती पौलालाही होती (१ करिंथ १५:१५).

मात्र त्या सहकाऱ्याशी बोलायला सभेची वाट पाहू नका. प्रभूने गरसेकरांच्या प्रदेशातल्या त्या भुतांपासून मुक्त झालेल्या माणसाला आधी घरी, आपल्या माणसांकडे पाठवले होते (मार्क ५:१९), जिथे त्याचा इतिहास सर्वांना ठाऊक होता. पत्र मालकाच्या हाती गेल्यावर सहकाऱ्याला एकट्याला गाठा आणि सांगा: "तू बोललास ते खरे होते. मी चोरी करत होतो. मी साहेबांना सांगितले आहे आणि पैसे परत करतो आहे. तुझ्यापुढे मी प्रभूचे नाव घेतले आणि त्याला बट्टा लावला, त्याबद्दल मला क्षमा कर." मग गप्प बसा. पत्राआधी सांगितलेत तर त्याच्यावर गुपित राखण्याचे ओझे पडेल. त्याच भेटीत मंडळीत येण्याचे निमंत्रण दिलेत तर कबुली हे गळाचे आमिष वाटेल. त्याने विचारले, "नोकरी पणाला लावून हे का केलेस?" तर १ पेत्र ३:१५ मध्ये जे उत्तर द्यायला तयार राहा म्हटले आहे ती वेळ हीच. तिथेच सौम्यतेने आणि आदराने, असेही लिहिले आहे. त्याने काहीच विचारले नाही, किंवा हसून सोडून दिले, तरी तुमचे काम अपुरे राहिलेले नाही.

पुन्हा घसरलात तर? मोह त्याच फॉर्मवर परत येईल, विशेषतः हप्ते देताना पैसे कमी पडतील तेव्हा. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५१७ च्या आपल्या ९५ प्रबंधांपैकी पहिल्यातच म्हटले होते की विश्वासणाऱ्याचे सारे जीवन पश्चात्तापाचे असावे अशी प्रभूची इच्छा आहे. म्हणजे हे एकदाच करून संपणारे काम नाही. घसरलात तर त्याच आठवड्यात सांगा आणि दुरुस्त करा. महिना जाऊ दिलात की झाकण्याची सवय परत मूळ धरते. १ योहान २:१ नुसार पित्याजवळ ख्रिस्त हा तुमचा कैवारी आहे, तेव्हा त्याच्याकडे जायला उशीर करण्याचे कारण नाही. आणि मंडळीतला एक वयाने मोठा, तोंडाने घट्ट भाऊ निवडा. पहिले सहा महिने प्रत्येक बिल लावण्यापूर्वी ते तिकिटांसह त्यांना दाखवा, आणि त्यांनी प्रश्न विचारले तर रागावू नका.